संपाला मत लागतं, कराराला नाही

धामणगाव रेल्वे हे नाव ऐकलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, इथलं सगळं येणंजाणं रुळांवरूनच होत असणार. मुंबई-हावडा मार्ग गावाला खेटून जातो, आणि यवतमाळला रेल्वे नव्हती तेव्हा तिकडचा कापूस बैलगाड्यांनी याच स्टेशनावर यायचा. पण तालुका चालतो तो एसटीवर. मंगरूळ दस्तगीरची पोरगी कॉलेजात येते ती एसटीने, तळेगाव दशासरचा म्हातारा दवाखान्यात येतो तो एसटीने, अंजनसिंगीची बाई माहेरी निघते तीही एसटीनेच. त्यामुळे २०२१ च्या नोव्हेंबरात शेजारच्या चांदूर रेल्वे आगाराच्या गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा धामणगावच्या बसस्थानकावरची शांतता सुट्टीच्या दिवसासारखी नव्हती. कोरोनाच्या दीड वर्षानंतर खेड्यांतल्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबरला कुठे उघडल्या होत्या. सोयाबीन घरात आलं होतं, कापसाची वेचणी चालली होती. आणि बंद पडलेल्या पॅसेंजर गाड्या अजून पूर्ववत झालेल्या नव्हत्या.

जो तो विचारायचा, संप मिटणार कधी? मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मालकाकडून प्रस्ताव आला, आकडे आले, मुदत आली. आता तो घ्यायचा की परत पाठवायचा, हे नेमकं ठरवतं कोण? संघटनेचा नेता? कार्यकारिणी? न्यायालय? की ज्याच्या वेतनचिठ्ठीवर तो आकडा छापला जाणार आहे तो वाहक, चालक, यांत्रिक? एसटीचा तो संप साडेपाच महिने चालला आणि या एका प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसल्यामुळे तो तितका लांबला, असं माझं स्पष्ट मत आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वेगवेगळ्या संघटनांच्या संयुक्त कृती समितीने उपोषण केलं. २८ ऑक्टोबरला २८ टक्के महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्याची मागणी मान्य झाली, नेत्यांनी उपोषण सोडलं आणि कामावर जायला सांगितलं. आगारांनी ऐकलं नाही. महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण करा, ही मागणी खालून वर आली होती आणि तिच्याबद्दल वर काहीच ठरलं नव्हतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली अडीचशे आगारं बंद होती. उच्च न्यायालयाने विलीनीकरणाच्या प्रश्नावर मुख्य सचिवांसह तिघांची समिती नेमायला सांगितली. आणि २४ नोव्हेंबरला तत्कालीन परिवहन मंत्री अनिल परब यांनी वेतनवाढीचा प्रस्ताव जाहीर केला.

हा प्रस्ताव नीट वाचण्यासारखा आहे. एक ते दहा वर्षं नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४,०००, वीस वर्षांपुढच्यांना २,५००. पगार दर महिन्याच्या १० तारखेच्या आत. नव्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० होणार आणि एकूण पगार १७,३९५ वरून २४,५९५. म्हणजे ४१ टक्के वाढ. हा ४१ चा आकडा दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत मोठ्या टाइपात होता.

आता हेच गणित चांदूर रेल्वेच्या आगारात बसून करू. १२,०८० ला १.४४ ने गुणलं की बरोबर १७,३९५ येतात. १७,०८० ला गुणलं की २४,५९५. म्हणजे जाहीर झालेल्या आकड्यात मूळ वेतनावर ४४ टक्के धरलेले आहेत: २८ टक्के महागाई भत्ता आणि १६ टक्के घरभाडे. पण १६ टक्के घरभाडं मधल्या शहरांना मिळतं. लहान गावांचा दर ८ टक्के. मग चांदूर रेल्वे किंवा धामणगावात राहणाऱ्या त्या नव्या वाहकाचा एकूण पगार २४,५९५ नव्हे, २३,२२९. पेपरात छापलेल्या आकड्यापेक्षा जवळजवळ चौदाशे कमी. वाढीचं बघायचं तर ५,००० मूळ, त्यावर १,४०० महागाई, ४०० घरभाडे, असे ६,८०० वाढले. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे ७६८ गेले. हातात सहा हजार आले. सहा हजार ही लहान रक्कम नाही, टाळेबंदीत उसनवार करून जगलेल्या घरासाठी तर मुळीच नाही. पण माणूस सही करतो ती हातात येणाऱ्या आकड्यावर. तो आकडा त्याला पेपराने सांगितला नाही आणि संघटनेच्या फलकावरही कुणी मांडून दाखवला नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वाढ मूळ वेतनात मिळणं आणि ठोक रकमेत मिळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. महागाई भत्ता वाढला की तो वाढलेल्या मुळावर लागतो. ग्रॅच्युइटीचा हिशोबही मूळ अधिक महागाई भत्ता यांवर, नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार असा होतो. तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त होणाऱ्या चालकाला २,५०० ची वाढ किरकोळ दिसते, पण महागाई भत्ता धरून ती ३,२०० होते आणि एकट्या ग्रॅच्युइटीत तिचे सुमारे ५५,००० रुपये होतात. हे कागदावर मांडून दाखवलं असतं तर संपाच्या मंडपातले काही जण थांबून विचार करते झाले असते. नाकारलंच असतं तरी काय नाकारतोय हे माहीत असून नाकारलं असतं.

प्रस्तावाची खरी दुखरी जागा मात्र तीन गटांच्या शिवणीवर होती. समजा, दोन वाहक आहेत. एकाची नोकरी नऊ वर्षं अकरा महिने, मूळ वेतन १५,६००. दुसऱ्याची दहा वर्षं दोन महिने, मूळ वेतन १६,०००. पहिल्याला पाच हजार मिळून तो २०,६०० वर जातो, दुसरा चार हजार मिळवून २०,००० वर थांबतो. तीन महिन्यांनी मागून लागलेला माणूस एका रात्रीत सहाशेने पुढे. सेवाज्येष्ठतेवर सगळा संसार उभा असलेल्या खात्यात ही साधी गोष्ट नाही. ड्युटी, मार्ग, रजा, सगळीकडे ज्येष्ठता बघतात. वीस वर्षांपुढच्यांचं दुखणं याहून मोठं होतं. मूळ वेतन ३७,००० असलेल्याचा एकूण पगार ५३,२८० वरून ५६,८८० होणार होता, म्हणजे पावणेसात टक्के. शेजारी उभा असलेला पोरगा ४१ टक्के आणि आपण सात.

त्या दिवसांत वऱ्हाडातल्या आगारांपुढच्या मंडपांत हे सगळे सूर एकाच सतरंजीवर ऐकू यायचे. "पाच हजार भेटून राह्यले त घेऊन टाका ना भाऊ, पोरांच्या फिया भरायच्या हायेत." लगेच कुणीतरी, "आज घेतले अन् उद्या महामंडळच बुडालं त? पगार कोन देईन मंग?" आणि कोपऱ्यातून एखादे पिकल्या मिशांचे काका, "वीस वर्सं गाडी हाकली, माह्या वाट्याले अडीच हजार, अन् काल लागल्या पोराले पाच?" तिघंही आपल्या जागी बरोबर होते. एकाला आजची रोकड हवी होती, दुसऱ्याला उद्याची हमी, तिसऱ्याला मान. मोजणी करून या तिन्हींचा मेळ घालता येतो. घोषणांनी येत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहिलं की आश्चर्य वाटतं. महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ज्या संघटनेकडे सहा महिने किमान ३० टक्के सभासद असतील तिला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू शकते, आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क मग तिचा. याच कायद्यात बेकायदा संप कशाला म्हणायचं ते दिलं आहे. चौदा दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा. आणि मान्यताप्राप्त संघटना असताना, नोटिशीआधी सभासदांच्या बहुमताचा कौल न घेता केलेला संपही बेकायदा. म्हणजे काम थांबवायचं तर सभासदाला विचारलंच पाहिजे. पण करारावर सही करण्याआधी सभासदाला विचारलंच पाहिजे, असं कलम त्यात नाही. भांडणाच्या दारावर मतपेटी ठेवली आहे आणि तडजोडीचं दार सताड उघडं.

देशाचा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदाही तसाच होता. मालक आणि संघटना यांनी आपसांत केलेला करार फक्त त्या दोघांवर बंधनकारक. पण तोच करार समेट अधिकाऱ्यापुढे झाला तर तो सगळ्यांवर बंधनकारक: सभासद, बिगरसभासद, विरोध करणारे, आणि उद्या नोकरीला लागणारेसुद्धा. म्हणून तर व्यवस्थापनं कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन सह्या करायचा आग्रह धरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये हर्बर्टसन्स कंपनीच्या खटल्यात याला आणखी बळ दिलं. करार तुकड्यातुकड्याने तपासायचा नाही, एक कलम तोट्याचं म्हणून सगळा करार अन्यायाचा ठरत नाही, तो समग्र बघायचा, हे एक. आणि मान्यताप्राप्त संघटना बोलणी करत असेल तर प्रत्येक कामगाराला कराराचे सगळे अर्थ कळलेच पाहिजेत असं नाही, हे दुसरं. पहिलं मला पटतं. बाजारातसुद्धा आपण कापसाचा भाव आणि कट्टी वेगवेगळी धरत नाही, शेवटी हातात काय पडलं ते बघतो. दुसरं मात्र कायद्याच्या सोयीचं असलं तरी आगाराच्या दारात टिकत नाही. ज्याला अर्थ कळला नाही तो करार मोडत नाही, पण मानतही नाही.

ही तऱ्हा महाराष्ट्राने याआधी फार मोठी किंमत मोजून पाहिली होती. मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एकच संघटना 'प्रातिनिधिक' ठरायची आणि सगळ्या कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क तिलाच असायचा. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ती संघटना होती. १९८१ च्या दिवाळीत तिने बोनसचा करार केला, तो अनेक गिरण्यांतल्या कामगारांना मान्य नव्हता आणि ते डॉ. दत्ता सामंतांच्या दारात जाऊन उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सामंतांकडे माणसं होती पण कायद्याने बोलणीचा हक्क नव्हता. संघाकडे हक्क होता पण माणसं नव्हती. अशा वेळी सरकारने गुप्त मतदान घेऊन कोण कुणाचं हे एकदा मोजलं असतं, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण ते मोजलं गेलं नाही आणि तो संप औपचारिकरीत्या कधी मागेही घेतला गेला नाही, हे दोन्ही खरं आहे.

लहान गटात ही अडचण येत नाही. बाजार समितीच्या आवारात हमाल-मापाऱ्यांची हमालीच्या दरावरून बसकी होते तेव्हा माणसं मोजकी असतात. कोणत्या पोत्याला किती, वाराईचे किती, थप्पी किती उंच लावायची, हे सगळ्यांच्या पाठीला ठाऊक असतं. व्यापाऱ्यांकडून निरोप आला की लिंबाखाली बसून बोलतात, हात वर होतात, संपलं. हमाल-मापाऱ्यांना बाजार समितीच्या संचालक मंडळावर स्वतःची एक जागाही आहे आणि तिची निवडणूक मतपेटीने होते. पण जिथे माणसं नव्वद हजार आहेत, अडीचशे ठिकाणी विखुरलेली आहेत आणि वरिष्ठ गेटवर उभं राहून बघतो आहे, तिथे हात वर करणं ही मोजणी नसते. एकीकडे साहेबाची भीती. दुसरीकडे त्याहून मोठी भीती, सोबत्यांची. "हा फुटला" हा शिक्का एकदा बसला की आगारात आयुष्यभर पुसत नाही.

मतदान घेतलं तर काय होतं, याचं ताजं आणि स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०२४ च्या सप्टेंबरात बोइंग कंपनीच्या विमान कारखान्यांतल्या सुमारे ३३,००० यांत्रिक कामगारांपुढे चार वर्षांत २५ टक्के वाढीचा प्रस्ताव आला. संघटनेच्या नेत्यांनी स्वतः बोलणी केली होती आणि तो स्वीकारा अशी शिफारसही केली होती. सभासदांनी मतपत्रिकेवर ९४.६ टक्क्यांनी तो फेकून दिला आणि संप सुरू झाला. २३ ऑक्टोबरला ३५ टक्क्यांचा दुसरा प्रस्ताव मतदानाला आला, तो ६४ टक्क्यांनी नाकारला गेला. ४ नोव्हेंबरला ३८ टक्क्यांचा तिसरा आला आणि ५९ टक्क्यांनी मंजूर झाला. त्या रात्री संप संपला. सात आठवडे, तीन मतदानं.

यातली आकड्यांची उतरण बघा: नकार ९५ वरून ६४ वर, मग होकार ५९. दर वेळी कंपनीला कळत होतं की अजून किती माणसं दूर आहेत आणि त्यांना जवळ आणायला किती खर्च येईल. नेत्यांनाही कळत होतं. त्या संघटनेचा एक नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे: प्रस्ताव नाकारायला साधं बहुमत पुरे, पण संपावर जायला दोनतृतीयांश मतं लागतात. नाकारलं, पण संपाला तेवढी मतं पडली नाहीत, तर प्रस्ताव स्वीकारला असं धरतात. नुसतं 'नाही' म्हणणं आणि 'नाही'ची किंमत मोजायला तयार असणं, हे तिथे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारतात.

त्या कामगारांचीही एक विलीनीकरणासारखी मागणी होती. त्यांची जुनी निश्चित निवृत्तिवेतनाची योजना २०१४ च्या करारात गेली होती आणि ती त्यांना परत हवी होती. कंपनी पैसे वाढवत गेली, निवृत्तिवेतनाला मात्र शेवटपर्यंत नाही म्हणाली. ४१ टक्के लोकांनी शेवटच्या दिवशीही विरोधात मत दिलं, त्यांतल्या अनेकांचं दुःख हेच होतं. आणि २०१४ चा तो करारही मतदानानेच मंजूर झालेला होता, ५१ विरुद्ध ४९ अशा काठावरच्या फरकाने. दहा वर्षं ती जखम भरली नाही. मतपेटीने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही, हे यावरून कळावं. पण हरलेल्याला आपण किती होतो हे कळतं आणि जिंकलेल्याला आपण किती काठावर जिंकलो हेही. दोघांनाही उद्या एकाच यंत्रावर काम करायचं असतं.

आपल्याकडे २४ नोव्हेंबरनंतर काय झालं? आझाद मैदानावर आंदोलनाचं नेतृत्व करणारे आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी दुसऱ्या दिवशी आपण तूर्त बाजूला होत असल्याचं सांगितलं आणि पुढचा निर्णय कामगारांवर सोडला. निर्णय कामगारांवर सोडणं योग्यच होतं. पण निर्णय घ्यायचा कसा, त्याची पद्धत काय, मोजायचं कुणी, याबद्दल एक ओळही कुणी सांगितली नाही. ज्यांनी पुढे नेतृत्व घेतलं ते वकील गुणरत्न सदावर्ते न्यायालयात विलीनीकरणावर ठाम राहिले. संप बेकायदा ठरवला जात होता म्हणून कर्मचारी म्हणू लागले, हा संप नाही, आत्महत्या केलेल्या सोबत्यांचा दुखवटा आहे. २० डिसेंबरला, संपाची मूळ नोटीस देणाऱ्या कनिष्ठ वेतनश्रेणी कामगार संघटनेचे अजयकुमार गुजर यांनी मंत्र्यांच्या शेजारी बसून संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. बहुतेक आगारं दुसऱ्या दिवशीही बंदच राहिली. ऑक्टोबरात कृती समिती, नोव्हेंबरात आमदार, डिसेंबरात नोटीसवाली संघटना. दोन महिन्यांत तीनदा वरून हिरवा झेंडा दाखवला गेला आणि तिन्ही वेळा गाडी जागची हलली नाही.

मग मोजणी झालीच नाही का? झाली. महामंडळ रोज आकडा द्यायचं: आज इतके कर्मचारी हजर, इतक्या गाड्या सुटल्या. हजेरीपट हीच मतपत्रिका झाली. कामावर आला तो प्रस्तावाच्या बाजूने, नाही आला तो विरोधात. पण ही मतपत्रिका उघडी होती. तिच्यावर नाव, बिल्ला क्रमांक आणि सही होती. हजारोंवर निलंबनाची, बडतर्फीची, बदलीची कारवाई झाली. त्यामुळे कुणी कामावर आला तो वाढ पटली म्हणून की नोकरी जाईल म्हणून, आणि कुणी घरी थांबला तो विलीनीकरणासाठी की सोबत्यांना तोंड कसं दाखवू म्हणून, हे त्या आकड्यावरून कुणाला कळणार? सरकारलाही कळलं नाही. प्रस्तावात नेमकं काय बदललं तर किती माणसं येतील, याचा अंदाज नसलेला मालक प्रस्ताव बदलत नाही. तो फक्त मुदत वाढवतो. तसंच झालं. मुदती वाढत गेल्या, आकडे तेच राहिले.

त्रिसदस्य समितीचा अहवाल विलीनीकरणाच्या विरोधात आला. ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने आदेश दिला: कर्मचाऱ्यांनी २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हावं आणि रुजू होणाऱ्यांवर महामंडळाने कारवाई करू नये. माणसं परतली. आपल्या २३,२२९ रुपयांच्या वाहकाचं गणित पुन्हा करू. काम नाही तर पगार नाही या हिशोबाने २४ नोव्हेंबर ते २२ एप्रिल, साधारण पाच महिने, म्हणजे १ लाख १६ हजार रुपये. ६,८०० ची वाढ सतरा महिने मिळाल्यावर ही रक्कम भरून निघते. हे पैसे त्याने मूर्खपणाने घालवले असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पगार वेळेवर न होण्याचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. २०१८ च्या १ जूनला ४,८४९ कोटींची वेतनवाढ अशीच जाहीर झाली होती, संघटनांशी करार न होता, आणि आठवड्याभरात, ८ आणि ९ जूनला, कर्मचारी अघोषित संपावर गेले होते. जाहीर झालेली वाढ आणि सही झालेला करार यांतला फरक त्याला चांगला ठाऊक होता. त्याचं नुकसान झालं ते त्याच्या नकाराची नीट नोंदच न झाल्यामुळे. "पैसे ठीक, पण ज्येष्ठांचं बघा", "पगाराची हमी लेखी द्या", "विलीनीकरणाशिवाय काहीच नको", ही तीन वेगळी मतं होती. बाहेर मात्र एकच घोषणा ऐकू गेली.

कायदा आता बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी बोलणी करील. तेवढा पाठिंबा कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद नेमायची, त्यात किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांना जागा. एका दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून रजा टाकली तर तोही संपच धरला जाईल, त्यामुळे दुखवट्यासारखी वाट पुढच्या वेळी आणखी अवघड होईल. कोण बोलणार याचं मोजमाप पूर्वीपेक्षा नीट झालं, हे मान्य. बोलून आणलेल्या कागदावर सभासदाचं मत घ्या, हे मात्र या संहितेतही नाही. अमेरिकेतही कायद्याने ते सक्तीचं नाही. तिथल्या संघटनांनी ते आपल्या घटनेत स्वतःहून लिहून घेतलं आहे. इथल्या कुठल्याही नोंदणीकृत संघटनेलाही ते आपल्या नियमावलीत लिहायला कोण अडवतं? सर्वसाधारण सभेत ठराव करायचा. प्रस्तावाचा पूर्ण मसुदा आगाराच्या फलकावर सात दिवस लावायचा. शेजारी तीन नमुना वेतनचिठ्ठ्या मांडायच्या: पाच वर्षांच्या वाहकाची, पंधरा वर्षांच्या यांत्रिकाची, पंचवीस वर्षांच्या चालकाची. घरभाडं त्या गावाच्या दराने धरायचं. आणि आठव्या दिवशी विश्रांतिगृहात पेटी ठेवायची. आगार सचिवाला जमणार नाही असं यात काही नाही.

एसटी कर्मचाऱ्यांना पेटी ठाऊक नाही असंही नाही. संप संपून वर्ष झाल्यावर, जून २०२३ मध्ये, त्यांच्या सहकारी बँकेची निवडणूक झाली आणि सदावर्ते यांच्या पॅनेलने सगळ्या १९ जागा जिंकल्या. जुन्या संघटनांबद्दल सभासदांच्या मनात काय साचलं होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

आणि २०२४ च्या सप्टेंबरात, गणपतीच्या तोंडावर, पुन्हा संप झाला. दोनच दिवसांचा. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबरच्या बैठकीत मूळ वेतनात सरसकट ६,५०० रुपयांची वाढ ठरली, एप्रिल २०२० पासून. सरसकट हा शब्द इथे महत्त्वाचा. कारण त्याचा हिशोब असा होता: २०२१ मध्ये ज्यांना ५,००० मिळाले त्यांना आता १,५००. ज्यांना ४,००० मिळाले त्यांना २,५००. आणि ज्यांना २,५०० मिळाले होते त्यांना ४,०००. शिवणीवरचं अंतर मिटलं, सगळे ६,५०० वर आले. मंडपाच्या कोपऱ्यात बसलेल्या त्या मिशांच्या काकांचं म्हणणं हेच होतं. ते शासनापर्यंत पोचायला पावणेतीन वर्षं लागली, आणि तोवर त्यांच्या वयाचे कितीतरी चालक शेवटची गाडी आगारात लावून निवृत्त झाले होते.